बातमीतला कर्ता

वृत्तपत्रातील एक ओळ आपण सर्वांनी अनेकदा वाचली असेल: ‘बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा स्लॅब कोसळून तीन मजूर ठार.’ कधी आकडा बदलतो, कधी गाव बदलते, स्लॅबच्या जागी भिंत येते किंवा परांची येते. वाक्याची ठेवण मात्र बदलत नाही. भाषांतर हाच माझा व्यवसाय असल्यामुळे अशी वाक्ये हिंदीतून आणि इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे वरचेवर येते. ते काम कठीण नाही. हात सवयीने चालतो आणि ओळ पुरी होते.

शाळेत व्याकरणाचे गुरुजी सांगत, क्रियापदाला ‘कोण’ असा प्रश्न विचारावा, म्हणजे कर्ता सापडतो. तोच प्रश्न या ओळीला विचारून पाहू. कोसळणारा कोण? स्लॅब. ठार होणारे कोण? मजूर. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात कर्त्याची उणीव नाही. परंतु टेकू कमी लावून पैसे वाचवणारा कोण, ओला स्लॅब वाळण्यापूर्वी त्यावर विटांचा ढीग रचावयास सांगणारा कोण, वर धोका असताना खाली घमेली वाहणाऱ्या बायांना उभे करणारा कोण, हे या वाक्याला ठाऊक नाही. कोणी मुद्दाम लपवाछपवी करतो असे नव्हे. पडणे, घसरणे, कोसळणे, मरणे ही क्रियापदेच अकर्मक आहेत. त्यांच्याबरोबर आलेल्या वाक्यात करविणाऱ्याला जागा उरत नाही.

मराठीत ‘कर्ता’ या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. ज्याच्या मिळकतीवर घर चालते तो घरातला कर्ता. त्यामुळे त्या एका ओळीमागे असे घडलेले असते की, घरातला कर्ता गेलेला असतो आणि बातमीतला कर्ता सापडत नसतो. या दोहोंचा परस्परांशी किती निकटचा संबंध आहे, हे मला ज्या प्रसंगाने कळले, तो आज सांगावयाचा आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घराजवळ एक सहा मजली इमारत उभी राहात होती. तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या दहा-बारा खोपटांतून बुंदेलखंडातून आलेली कुटुंबे राहात. सकाळी कचेरीस निघताना बाहेरच्या भिंतीला गिलावा करणारे गवंडी दिसत. बांबूंची परांची, सुंभाने बांधलेले सांधे आणि उभे राहावयास एक फळी. एके दिवशी सकाळी आठच्या सुमारास चौथ्या मजल्याच्या उंचीवर फळी निसटली व एक तिशीतला गवंडी खाली पडला. इस्पितळात पोचण्यापूर्वीच त्याचा प्राण गेला. पोलीस आले, पंचनामा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काम पुन्हा सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची पत्नी आमच्या दाराशी आली. कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल होते. मी लिहिण्या-वाचण्याचे काम करतो, एवढे चौकीदाराने तिला सांगितले असावे. तिच्या हातात एक टंकलिखित कागद होता. “बाबूजी, यावर अंगठा द्यायला सांगितले आहे. काय लिहिले आहे ते वाचून दाखवा,” ती म्हणाली.

मी वाचून दाखवले. कागदात तीन गोष्टी होत्या. दिलेला सुरक्षापट्टा न बांधल्यामुळे, म्हणजे स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मयताचा मृत्यू झाला, ही पहिली. मुकादमाने केवळ माणुसकीच्या भावनेने त्याच्या वारसांना पन्नास हजार रुपये दिले, ही दुसरी. वारसांची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही व पुढेही कसली मागणी राहणार नाही, ही तिसरी. इमारतीच्या मालकाचे नाव कागदात कोठेही नव्हते. मोठ्या ठेकेदाराचेही नव्हते.

ती थोडा वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, “पट्टा दिला होता असे लिहिले आहे का? पट्टा तर कोणालाच नव्हता, बाबूजी.”

हे ठीक दिसत नाही, असे मी तिला म्हणालो. “मग काय करू?” असे तिने विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. रात्रीच्या गाडीची तिकिटे काढलेली होती. मुकादम फाटकाशी उभा होता. तोही तिच्याच मुलखातला, तिच्याच नवऱ्याला कामावर आणणारा, आणि चेहऱ्यावरून घाबरलेला दिसत होता. तिने अंगठा उठवला, पैशाचे पाकीट पदरात बांधले आणि ती गेली. तिचे गाव कोणते, हे विचारण्याचेही मला सुचले नाही.

त्यानंतर मी या विषयावरचे कायदे वाचू लागलो. जे वाचले ते त्या संध्याकाळी ठाऊक असावयास हवे होते. ते येथे लिहितो, कारण वाचकहो, असा कागद आपल्यापैकी कोणाच्याही दाराशी येऊ शकतो. वाचता येणाऱ्या माणसाकडेच तो येतो.

कामावर असताना इजा पावलेल्या कामगारांसाठी आपल्या देशात १९२३ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्या गवंड्याच्या मृत्यूच्या वेळी तोच लागू होता. त्याच्या कसोटीवर कागदातील तिन्ही गोष्टी घासून पाहू.

पहिली गोष्ट निष्काळजीपणाची. हा कायदा भरपाई देण्यासाठी मालकाचा दोष सिद्ध करावयास सांगत नाही. काम करीत असताना व कामामुळे अपघात झाला, एवढे पुरे असते. कामगाराने मद्य घेतले असेल, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला असेल किंवा दिलेले साधन मुद्दाम दूर केले असेल, तर मालकाला बचावाची काही वाट होती. परंतु ती वाट केवळ लहान इजेपुरती. मृत्यू आला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर ती बंद होई. पट्टा दिला होता की नव्हता, तो बांधला होता की नव्हता, या वादाने विधवेची भरपाई अडत नव्हती.

दुसरी गोष्ट पाकिटाची. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम मालकाने आयुक्ताकडे जमा करावी, असा नियम होता. थेट वारसाच्या हातावर ठेवलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नसे. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम तेवढी वजा करता येई. आणि रक्कम तरी किती? मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणावयाचे. तिसाव्या वर्षी तो अंक २०७.९८ आहे. जानेवारी २०२० पासून या हिशेबात महिन्याचे वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जात असे. त्याचे निम्मे ७,५००. गुणाकार करता साडेपंधरा लाखांहून अधिक रक्कम येते. पदरात बांधले गेले ते पन्नास हजार.

तिसरी गोष्ट हक्क सोडण्याची. ज्या कराराने कामगार किंवा त्याचे आश्रित भरपाईचा हक्क सोडून देतात, तो करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल होय, असे कायद्यातच लिहिलेले होते. म्हणजे तो अंगठा ज्या कागदावर उठला, त्या कागदाला कायद्यापुढे काही किंमत नव्हती. त्याचे बळ एवढेच होते की, अंगठा देणारीला हे ठाऊक नव्हते. आणि वाचून दाखवणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

आणखी एक तरतूद तिच्यासाठीच केल्यासारखी होती. दावा अपघात घडला त्या शहरीच लावला पाहिजे असे नाही. आश्रित जेथे राहतात, त्या भागातील आयुक्ताकडेही तो दाखल करता येत असे. रात्रीच्या गाडीने गावी परतल्याने तिचा हक्क मागे राहिला नव्हता. तो तिच्याबरोबरच गाडीत होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भरपाई कोणी द्यावयाची? बांधकामाच्या धंद्यात एक साखळी असते. वर इमारत बांधून विकणारा मालक. त्याखाली मोठा ठेकेदार. त्याखाली गिलाव्याचा, सळईचा, सेंट्रिंगचा असे निरनिराळे पोटठेकेदार. त्यांच्याखाली गावाकडून माणसे आणणारा मुकादम. आणि सर्वांत शेवटी गवंडी व बिगारी. पैसा वरून खाली झिरपतो आणि प्रत्येक पायरीवर थोडा थोडा मुरतो. जबाबदारी मात्र एकदम शेवटच्या पायरीवर येऊन पडते. त्या कागदात मुकादमाचे नाव होते ते यामुळेच. १९२३ च्या कायद्याने हे ओळखले होते. आपल्या धंद्याचे काम जो ठेकेदाराकरवी करून घेतो, तो मुख्य मालक भरपाईस बांधलेला राहील; ती दिल्यावर त्याने वाटल्यास ठेकेदाराकडून वसूल करावी, असा त्याचा दंडक होता. मालक आणि ठेकेदार यांच्यातील हिशेब त्यांनी आपसात मिटवावा. विधवेने त्यासाठी ताटकळू नये.

एखाद्यास वाटेल, हे सारे मृत्यूनंतरचे झाले. मृत्यूच टळावा म्हणून काय? आणि कामगार स्वतःच बेफिकीर असेल, तर मालकाने तरी काय करावे? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारी माणसे पुष्कळ आहेत. पट्टा दिला तरी बांधत नाहीत, हेल्मेट उशाला घेऊन झोपतात, असे आपण ऐकतो. त्यात काही तथ्य असेलही. पण माणूस केव्हा ना केव्हा चुकणार, त्याचा पाय केव्हा तरी घसरणार, हे धरून चालणे हीच बांधकामशास्त्राची रीत आहे. पूल बांधताना तो एकाच वजनाच्या हिशेबाने कोणी बांधत नाही. चुकीला वाव ठेवून बांधतो. लोखंडाला जो वाव ठेवायचा, तो माणसाला का ठेवू नये? अमेरिकेतील दोन बांधकामांची हकीकत या बाबतीत बोलकी आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सामुद्रधुनीवरील गोल्डन गेट पुलाचे काम जानेवारी १९३३ मध्ये सुरू झाले आणि मे १९३७ मध्ये तो पूल खुला झाला. दहा लाख डॉलरच्या कामामागे एक माणूस मरावयाचाच, असा हिशेब त्या काळी तेथील पूल बांधणारे गृहीत धरीत. पुलाचा खर्च साडेतीन कोटी डॉलरच्या घरातला होता. म्हणजे पस्तीस माणसे हिशेबात जमाच होती. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस याने हा हिशेब मानला नाही. त्याने कामगारांना कडक टोप्या सक्तीच्या केल्या आणि पुलाच्या खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोराचे एक प्रचंड जाळे टांगले. जाळ्याला सव्वा लाख डॉलरहून अधिक खर्च आला. त्या जाळ्यात एकोणीस माणसे पडली व वाचली. पडणारे हे एकोणीस जण निष्काळजी होते की काळजी घेणारे, याची चौकशी जाळ्याने केली नाही. फेब्रुवारी १९३७ मध्ये मात्र काही टन वजनाचे एक फिरते मचाण तुटून जाळ्यावर पडले, जाळे फाटले व दहा जण मृत्यू पावले. त्यापूर्वी एकाचा मृत्यू झाला होता. एकूण अकरा. जाळे माणसे झेलण्यासाठी होते, मचाण झेलण्यासाठी नव्हते. मचाण भक्कम अडकवणे हे निराळे काम होते आणि तेही कोणाचे तरी होते.

दुसरी हकीकत वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथील. वीज केंद्रासाठी तेथे थंडावा देणारा एक उंच मनोरा बांधला जात होता. रोज सुमारे पाच फूट उंचीचे काँक्रीटचे कडे ओतायचे आणि आदल्या दिवशीच्या कड्यालाच आजची परांची अडकवायची, अशी पद्धत होती. २७ एप्रिल १९७८ रोजी काम १६६ फुटांवर पोचले होते. आदल्या दिवशीच्या काँक्रीटला पुरेसे बळ आलेले नव्हते. हवा थंड होती आणि थंडीत काँक्रीट सावकाश घट्ट होते. नव्या काँक्रीटचा भार वर ओढला जात असताना वरचे कडे सुटू लागले आणि मनोऱ्याच्या परिघाभोवती एखादी साखळी उसवत जावी तशी परांची उसवत गेली. परांचीवरील एक्कावन्न माणसे, सारीच्या सारी, मृत्यू पावली. त्यांतील एकाही माणसाने पट्टा बांधला असता, तरी तो बांधायचा कोठे? त्याच परांचीला. चौकशीत आढळले की, आदल्या दिवशीच्या काँक्रीटला पुरते बळ आले आहे की नाही याची खातरजमा न करताच पुढचा भार चढवला गेला होता. ती खातरजमा करण्याचे काम परांचीवरच्या माणसाचे नव्हते. पुढे संबंधितांकडून जो दंड वसूल झाला, तो ८५,००० डॉलरच्या आसपास होता. माणशी सतराशे डॉलरही पडत नाहीत. तुरुंगात कोणी गेले नाही.

या दोन हकीकतींतून एकच गोष्ट कळते. सुरक्षा ही माणसाच्या सावधपणात नसते. ती काम सुरू होण्याआधी विकत घेतलेली असते किंवा घेतलेली नसते. जाळे, कठडे, भक्कम परांची, काँक्रीट घट्ट होईपर्यंतचे दोन दिवस, या साऱ्यांना पैसा व वेळ लागतो. तो ज्याच्या हाती आहे तोच त्या बाबतीत कर्ता होय. गवंड्याच्या हाती थापी असते, ओळंबा असतो. कामाची मुदत आणि खर्चाचा आकडा नसतो.

ब्रिटनने १९९४ साली हे तत्त्व नियमांत आणले. ज्याच्यासाठी बांधकाम होते तो धनी, आराखडा काढणारा वास्तुरचनाकार आणि बांधणारा ठेकेदार, अशा प्रत्येकाच्या माथी सुरक्षेचे स्वतंत्र कर्तव्य लावले. कागदावर रेघ ओढतानाच ते काम करताना माणूस पडेल कोठून, याचा विचार झाला पाहिजे, असा त्यामागचा हेतू होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी उद्यान व क्रीडागारे उभारताना हजारो माणसे राबली आणि त्या बांधकामावर एकही कामगार दगावला नाही. हे काम दैवाने झाले नाही.

आपल्याकडील चित्र कसे आहे? पुण्याच्या कोंढव्यात २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत खालच्या बाजूस असलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोपटांवर कोसळली. पंधरा जण गेले. त्यांत लहान मुलेही होती. झोपेत असलेल्या माणसांनी कोणता पट्टा बांधावयाचा होता? त्यानंतर तीनच दिवसांच्या आत आंबेगावात आणखी एक भिंत तशाच खोपटांवर पडली व सहा जण मृत्युमुखी पडले. बातमीत लिहिले गेले, ‘मुसळधार पावसाने भिंत कोसळली.’ येथे कर्ता झाला पाऊस. परंतु पाऊस जूनमध्ये येतो हे सर्वांना ठाऊक असते. भिंतीमागे पाणी साठले तर तिला बाहेर जावयास वाट हवी, हेही भिंत बांधणाऱ्याला ठाऊक असते. आणि उंच भिंतीच्या पायथ्याशी माणसांची बिऱ्हाडे थाटू देणे हा पावसाचा निर्णय नव्हे.

बांधकाम कामगारांसाठी आपल्या संसदेने १९९६ साली दोन खास कायदे केले. एकाने परांची, खोदकाम, उंचावरील काम यांबाबत नियम घालण्याची व्यवस्था केली. दुसऱ्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कामगारांच्या कल्याणासाठी निधी उभारला. हेतू उत्तम होता. परंतु सुरक्षेचा नियम मोडल्याबद्दल पहिल्या कायद्यात शिक्षा होती ती तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. एका खोलीला रंग देण्यासही त्याहून अधिक खर्च येतो. निधीची कथाही अशीच. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात नमूद केले की, ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर गोळा झाला असून त्यांपैकी सुमारे ९,५०० कोटीच खर्ची पडले आहेत. पैसा होता, तो ज्यांच्यासाठी होता त्यांची नावेच पुरती नोंदलेली नव्हती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली आहे. कामाच्या जागच्या सुरक्षेची संहिता २०२० साली संमत झालेली आहे. तिच्यानुसार मालकाने कर्तव्यात कसूर केल्यामुळे मृत्यू घडला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि दंडाची निदान अर्धी रक्कम वारसांना द्यावी, असा हुकूम न्यायालय देऊ शकते. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. अडीचशे वा अधिक बांधकाम कामगार असतील तेथे सुरक्षा अधिकारी नेमावयाचा आहे. भरपाईची जी तत्त्वे वर सांगितली, ती आता सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आली आहेत. याखेरीज निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत ती दोन वर्षांची होती.

दोन हजारांवरून पाच लाख ही प्रगती लहान नाही. तथापि कायद्याचा आकडा वाढला म्हणजे परांचीचा सांधा आपोआप घट्ट होत नाही. दंड होण्यासाठी कोणी तरी पाहणी करावी लागते, पाहणीसाठी कोणी तरी कळवावे लागते, आणि मेलेला माणूस तेथे कामावर होता हे सिद्ध व्हावयास त्याचे नाव कोठे तरी लिहिलेले असावे लागते. बहुतेक प्रकरणे या शेवटच्या ठिकाणीच अडतात. हजेरीपट मुकादमाच्या खिशातल्या वहीत असतो आणि अपघाताच्या दिवशी ती वही सापडत नाही.

येथे आपला संबंध येतो. आपण म्हणू, आम्ही ना मालक ना ठेकेदार. पण नव्या इमारतीत घर घेणारे आपणच असतो. घर पाहावयास जाताना आपण फरशीचा रंग पाहतो, नळाला पाणी किती जोराने येते ते विचारतो. त्याच वेळी मान वर करून परांचीकडे पाहण्यास काय हरकत आहे? कठडा आहे का, खाली जाळे आहे का, जिना उघडा आहे का, मजुरांची बिऱ्हाडे कोठे आहेत, हे डोळ्यांना दिसते. त्यासाठी अभियंता व्हावे लागत नाही. ज्याच्या खिशातून पैसा यावयाचा आहे, त्याने विचारलेला प्रश्न मालकाला ऐकावा लागतो.

गृहसंस्थेच्या सभांतून बाहेरच्या रंगाचे काम सर्वांत स्वस्त दराला देण्याचा ठराव आपण हात वर करून संमत करतो. तो दर स्वस्त कशामुळे झाला, हे कोणी विचारीत नाही. करारात परांची, पट्टे व कामगारांचा विमा यांची कलमे घालावीत, कामावर येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव व घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयातील वहीत रोज लिहून घ्यावा. या वहीला खर्च जवळजवळ नाही. आणि एखाद्या घराला साऱ्या आयुष्यात तोच एक पुरावा पुरेल. घरातील छपरावर, टाकीवर, खिडकीच्या सज्जावर आपण ज्या एकट्या-दुकट्या माणसाला चढवतो, त्याच्या बाबतीत तर मध्ये मुकादमही नसतो. तेथे ‘जरा चढून बघ रे’ असे म्हणणारे आपणच असतो.

आणि ज्या वाचकांच्या ओळखीत, शेजारात, गावात कामासाठी परमुलखी गेलेली माणसे आहेत, त्यांनी एवढे सांगून ठेवावे. कामगार कल्याण मंडळाकडे नाव नोंदवावे. नेमणुकीचे पत्र मागावे. मजुरीची चिठ्ठी, कामाच्या जागेचे छायाचित्र, मुकादमाचा व मुख्य ठेकेदाराचा पत्ता घरी पाठवून ठेवावा. अघटित घडलेच तर पंचनाम्याची व शवविच्छेदनाच्या अहवालाची नक्कल घ्यावी. भरपाईचा दावा लवकर लावावा, कारण त्याला कायद्याने मुदत असते. जुन्या कायद्यात ती दोन वर्षांची होती. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अशा कुटुंबांना विनामूल्य साह्य देण्यासाठीच ते आहे. आणि ‘काही मागणी नाही’ असे लिहिलेल्या कागदावर अंगठा देऊ नये. दिला गेला असेल, तरी हताश होऊ नये.

मी त्या संध्याकाळी हे सांगू शकलो नाही. ती इमारत आता पुरी झाली आहे आणि तिच्या गच्चीवर दिवाळीत आकाशकंदील लागतात. खोपटे उठून दुसऱ्या कामावर गेली. चौकीदारापाशी मी त्या कुटुंबाचे गाव विचारून पाहिले. त्याला जिल्ह्यापलीकडे काही सांगता आले नाही. कडेवरचे ते मूल आता शाळेत जाण्याच्या वयाचे झाले असेल.

परवा माझ्या टेबलावर पुन्हा तशी एक ओळ आली. परांची कोसळून दोघे ठार. मी ती नेहमीप्रमाणे मराठीत उतरवली. मग थांबलो, आणि बातमी पाठवणाऱ्याला चिठ्ठी लिहून विचारले की बांधकाम कोणाचे होते, परांची कोणी बांधली होती, आणि मृतांची नावे काय. उत्तर दुसऱ्या दिवशी आले. मालकाचे व ठेकेदाराचे नाव मिळाले. मृतांपैकी एकाचे मिळाले, दुसऱ्याचे अजून मिळावयाचे आहे. मी पुन्हा विचारले आहे.